शहाऐंशी दिवसांची तयारी

व्यापारी घरात एक गोष्ट लहानपणापासूनच कानावर पडत असते, ती म्हणजे हंगाम कोणासाठी थांबत नाही. माल वाटेत भिजला, गाडी घाटात अडकली किंवा घरातील कर्ता माणूस ऐन वेळी अंथरुणाला खिळला, तरी दिवाळी आपल्या तिथीलाच येते. वर्षभराची तयारी त्या चार दिवसांसाठी असते आणि अडचण नेमकी त्याच्या थोडी आधी येऊन उभी राहते. अशा वेळी दुकानाच्या फळ्या उघडायच्या की मिटून ठेवायच्या, हा निर्णय घेताना माणसाचा खरा कस लागतो.

सायकलच्या जगातही असा एक हंगाम आहे. दरवर्षी जुलैच्या सुमारास ‘टूर दी फ्रान्स’ ही तीन आठवड्यांची शर्यत भरते. सन १९०३ मध्ये ‘लोटो’ नावाच्या एका फ्रेंच वृत्तपत्राने आपला खप वाढवण्यासाठी ती सुरू केली. त्या पहिल्या वर्षी साठ जण निघाले आणि शेवटपर्यंत एकवीसच पोहोचले. आघाडीवर असलेल्या स्वारास पिवळी जर्सी देण्याची प्रथा १९१९ पासून पडली. वृत्तपत्राचा कागदही पिवळाच होता, त्यामुळे जर्सी ही एका अर्थाने चालती जाहिरातच ठरली. एका धंद्याच्या गरजेतून जन्मलेली ही शर्यत आज जगातील सर्वांत खडतर क्रीडास्पर्धांत गणली जाते. सन २०२४ मध्ये तिची लांबी ३,४९८ किलोमीटर होती, टप्पे एकवीस होते आणि विसाव्याचे दिवस केवळ दोन.

त्या वर्षी शर्यतीचा प्रारंभ २९ जून रोजी इटलीतील फ्लोरेन्स नगरीत व्हायचा होता. मागील दोन वर्षांचा विजेता, डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड, त्याआधी बरोबर शहाऐंशी दिवस स्पेनमधील एका रस्त्याच्या कडेला निश्चल पडला होता.

उतारावरचे वळण

विंगेगार्डचा जन्म १९९६ चा, डेन्मार्कच्या उत्तरेकडील हिलरस्लेव्ह या लहानशा गावातला. ज्या देशातील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम १७० मीटर आहे, त्या देशातून डोंगरांचा राजा निघावा, हे एक नवलच. तरुणपणी तो बंदरावरील एका कारखान्यात सकाळच्या पाळीत काम करी आणि ते आटोपल्यावर सायकलचा सराव करी. सन २०१९ मध्ये तो एका मोठ्या डच संघात दाखल झाला. २०२१ मध्ये टूरमध्ये दुसरा आला आणि २०२२ व २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने ती शर्यत जिंकली. दोन्ही वेळा दुसऱ्या क्रमांकावर होता स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार. या दोघांची चुरस ही गेल्या काही वर्षांतील सायकलविश्वाची मुख्य कथा आहे.

२०२४ च्या आरंभी विंगेगार्ड उत्तम तयारीत होता. फेब्रुवारीत त्याने स्पेनमधील आणि मार्चमध्ये इटलीतील अशा दोन शर्यती जिंकल्या होत्या. एप्रिलमधील बास्क प्रांताची शर्यत ही त्याच्या वेळापत्रकातील नेहमीची पायरी होती.

४ एप्रिल रोजी, त्या शर्यतीच्या चौथ्या टप्प्यात, शेवटाला सुमारे पस्तीस किलोमीटर उरले असताना सारा जथा ओलाएताच्या उतारावरून भरधाव खाली येत होता. उजवीकडे वळणाऱ्या एका जागी पुढच्या काहींचा तोल गेला. रस्त्याच्या कडेला सिमेंटची पन्हळ होती, पलीकडे दगड आणि झाडे. पाहता पाहता बारा स्वार तिथे जाऊन आदळले. त्यांत विंगेगार्डबरोबर बेल्जियमचा रेम्को एव्हेनपूल, स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच आणि ऑस्ट्रेलियाचा जे व्हाइन हेही होते. टूरच्या पिवळ्या जर्सीसाठी ज्यांची नावे घेतली जात, त्यांतील तीन नावे एका वळणात जमिनीवर आली.

उरलेल्या स्वारांसाठी टप्प्याची वेळ रद्द करण्यात आली. आधीच पुढे निघून गेलेल्या मोजक्या सहा जणांनीच शेवटची रेषा स्पर्धा म्हणून गाठली. दूरचित्रवाणीवर जे दृश्य दिसले ते मन हेलावणारे होते. मानेला आधारपट्टा आणि तोंडावर प्राणवायूचा मुखवटा अशा अवस्थेत विंगेगार्डला रुग्णवाहिकेत नेण्यात आले. आपण आता मरणार, असे त्या क्षणी वाटल्याचे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे.

आधी मुद्दल

रुग्णालयातील तपासणीत खांद्याचे हाड आणि अनेक बरगड्या मोडल्याचे दिसून आले. याहून गंभीर बाब होती ती फुप्फुसाची. फुप्फुसाला मार लागून आत रक्त साकळले होते आणि फुप्फुस व छातीची भिंत यांच्यामध्ये हवा शिरली होती. अशी हवा शिरली की फुप्फुस पुरते फुगू शकत नाही. प्रत्येक श्वास अपुरा पडतो, आणि बरगड्या मोडलेल्या असल्या तर तो अपुरा श्वासही वेदना देऊन जातो.

ज्याचा सारा व्यवसायच श्वासावर उभा आहे, त्याच्यासाठी ही दुखापत म्हणजे भांडवलालाच हात घालण्यासारखी होती. डोंगर चढणाऱ्या सायकलस्वाराचे पाय सर्वांना दिसतात, परंतु त्या पायांना चालवतात ते फुप्फुस आणि हृदय. मोडलेले हाड पट्टी लावून बसवता येते, काही आठवड्यांत ते जुळते. फुप्फुस मात्र आपल्या गतीनेच बरे होते. त्याला घाई करता येत नाही.

विंगेगार्ड बारा दिवस रुग्णालयात होता. १६ एप्रिल रोजी त्याला घरी सोडण्यात आले. टूरचा दिवस आता चौऱ्याहत्तर दिवसांवर आला होता आणि तो साधा चालण्याच्या पलीकडे फारसे काही करू शकत नव्हता.

येथे त्याच्या संघाने घेतलेली भूमिका लक्षात घेण्याजोगी आहे. टूर हा या खेळातील सर्वांत मोठा बाजार. पुरस्कर्त्यांचा पैसा, वर्षभराची प्रसिद्धी आणि संघाचे नाव, सारे त्या तीन आठवड्यांवर अवलंबून असते. दोन वेळचा विजेता नसेल तर नुकसान किती, हे सांगण्यासाठी जमाखर्चाची वही उघडण्याची गरज नव्हती. तरीही संघाने तो जाणारच अशी घोषणा केली नाही, आणि जाणार नाही अशीही नाही. तो पूर्ण बरा झाला, सरावात त्याची पातळी टूरच्या योग्यतेची दिसली, तरच तो निघेल, एवढेच त्यांनी सांगितले. निर्णयाची तारीख शक्य तितकी पुढे ढकलली. आकडे हाती येईपर्यंत शब्द द्यायचा नाही, ही जुन्या पेढ्यांची रीत होती. इथे ती एका सायकलसंघाने पाळली.

शून्यापासून

मे महिन्याच्या सुरुवातीस विंगेगार्ड पुन्हा रस्त्यावर सायकल चालवताना दिसला. अपघातास तेव्हा महिना उलटला होता. चेहरा ओढलेला होता, पण हसरा होता.

इतक्या अवधीत शरीराने काय गमावलेले असते, हे समजून घेतले म्हणजे पुढच्या कामाचा आवाका कळतो. माणूस अंथरुणावर पडून राहिला की काही दिवसांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटू लागते, हृदयाला प्रत्येक ठोक्यामागे कमी रक्त फेकता येते, स्नायू वितळू लागतात. वर्षानुवर्षांच्या सरावाने बांधलेली क्षमता महिनाभरात पुरती नाहीशी होत नाही, पण तिच्यावरची धार जाते. टूर जिंकणारे आणि त्यांच्या मागे राहणारे यांच्यात फरक असतो तो केवळ त्या धारेचाच.

शिवाय सायकल चालवणे म्हणजे फक्त पाय फिरवणे नव्हे. हॅण्डलवर टेकलेल्या हातांचा भार खांद्याच्या हाडावर येतो. रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिथपर्यंत पोहोचतो. चढावर दीर्घ श्वास घेताना बरगड्या ताणल्या जातात. बरे होत असलेल्या शरीराला हे सारे पुन्हा शिकवावे लागते.

हा सराव कसा वाढवत नेतात, हेही उद्बोधक आहे. प्रथम सपाट रस्त्यावर, श्वास न लागेल इतक्या बेताने, मोजके तास. शरीराने ते सहज पेलले की तास वाढवायचे. तास पेलले की चढ आणायचे. चढ पेलले की त्यावर वेगाचे छोटे तुकडे ठेवायचे. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरीवर पाऊल ठेवायचे नाही, कारण घाईने केलेला एक दिवसाचा सराव आठवड्याची विश्रांती मागून घेतो. सकाळचे नाडीचे ठोके, झोप, पायांनी निर्माण केलेली शक्ती, अशा रोजच्या नोंदींवरून उद्याचे काम ठरते. रोजमेळ रोज लिहिला तरच वर्षाअखेरीचा ताळेबंद जुळतो, हे येथेही तितकेच खरे.

जूनमध्ये तो सहकाऱ्यांसमवेत फ्रान्समधील तीन्य येथे उंचावरच्या सरावासाठी गेला. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर हवा विरळ असते, प्राणवायू कमी मिळतो. ती उणीव भरून काढण्यासाठी शरीर रक्तातील तांबड्या पेशी वाढवते. अशा ठिकाणी काही आठवडे राहून खाली उतरलेला स्वार अधिक प्राणवायू वाहून नेणारे रक्त घेऊन शर्यतीला येतो. फुप्फुसाला इजा झालेल्या माणसाने दोनच महिन्यांत विरळ हवेत सराव करणे, ही मोठी परीक्षा होती. त्याच्या सोबतीला वूट व्हान आर्ट हा सहकारीही होता. तोसुद्धा मार्चअखेरीस बेल्जियममधील एका शर्यतीत पडून खांद्याचे हाड, छातीचे हाड आणि सात बरगड्या मोडून घेतलेला. दोन जायबंदी माणसे एकमेकांच्या साक्षीने पुन्हा उभी राहत होती.

शर्यतीला सुमारे दहा दिवस उरले असताना संघाने जाहीर केले की विंगेगार्ड फ्लोरेन्सला निघेल. अपघातानंतर त्याने एकही शर्यत धावलेली नव्हती. टूरसाठी मिळालेली खरी तयारी जेमतेम दीड महिन्याची. एरवी या शर्यतीची बांधणी आदल्या हिवाळ्यापासून सुरू होते.

फ्लोरेन्सहून

२९ जूनला १७६ स्वार फ्लोरेन्सहून निघाले. दुसऱ्याच दिवशी बोलोन्याच्या सान लुका चढावर पोगाचारने वेग घेतला. त्या क्षणी साऱ्यांचे डोळे एकाच माणसावर होते. विंगेगार्ड त्याच्या मागच्या चाकाला चिकटून वर गेला. बाकी कोणालाही ते जमले नाही. त्याच्या सरावाबाबत ज्या शंका होत्या, त्यांचे उत्तर त्या दोन किलोमीटरांत मिळाले.

पण शरीराचा हिशेब एका दिवसाने चुकता होत नाही. चौथ्या दिवशी २,६४२ मीटर उंचीच्या गालिबिए घाटावर, माथा अगदी जवळ आला असताना पोगाचारने पुन्हा वेग घेतला आणि या वेळी विंगेगार्ड मागे पडला. माथ्यावर काही सेकंदांचे असलेले अंतर पलीकडच्या उतारावर वाढले आणि शेवटी ते सदतीस सेकंद झाले. नवव्या दिवशी त्र्वा शहराभोवतीच्या कच्च्या खडीच्या रस्त्यांवर त्याच्या सायकलचे चाक पंक्चर झाले. सहकाऱ्याने तत्काळ आपली सायकल त्याच्या हाती दिली आणि परक्या मापाच्या त्या सायकलवर त्याने उरलेला टप्पा निभावून नेला. स्वतःचा वेळ सोडून दुसऱ्याचे चाक पुढे नेणारी अशी माणसे मागे असली, तरच पुढचा माणूस टिकतो.

दहा दिवस संपले तेव्हा तो पोगाचारच्या एक मिनिट पंधरा सेकंद मागे होता.

ल लिओराँची संध्याकाळ

१० जुलैचा अकरावा टप्पा फ्रान्सच्या मध्यभागातील जुन्या ज्वालामुखींच्या डोंगराळ मुलखातून जाणारा होता. लांबी २११ किलोमीटर आणि शेवटच्या पट्ट्यात एकामागून एक चढ. शेवटाला तीसएक किलोमीटर असताना पोगाचारने पुई मारीच्या तीव्र चढावर हल्ला चढवला. विंगेगार्ड मागे राहिला. अंतर वाढत वाढत अर्ध्या मिनिटाच्या पुढे गेले. पाहणाऱ्यांना वाटले, कथा इथे संपली. शेवटी दीड महिन्याच्या तयारीची तूट कुठेतरी उघडी पडणारच होती.

विंगेगार्डने मात्र घाबरून आंधळी धाव घेतली नाही. तो आपल्या मापाने चढत राहिला. पुढच्या पेर्त्यूस घाटावर अंतर हळूहळू कमी होऊ लागले. तीस सेकंद, वीस, दहा. माथा येण्यापूर्वी तो पोगाचारच्या पाठीशी जाऊन पोहोचला. उरलेले पंधराएक किलोमीटर दोघांनी सोबतच कापले आणि शेवटच्या धावेत, ज्या प्रकारात पोगाचार एरवी वरचढ ठरत असे, त्यात विंगेगार्डने चाकाच्या अंतराने त्याला मागे टाकले.

मुलाखतीसाठी समोर माइक आला तेव्हा त्याला बोलता येईना. डोळे भरून आले होते. कुटुंबाच्या आधारावाचून हे शक्य झाले नसते, असे त्याने सांगितले. एरवी अतिशय अबोल आणि मोजून बोलणारा म्हणून ओळखला जाणारा हा माणूस लाखो प्रेक्षकांसमोर रडला, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटले नाही.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवसाची कमाई विलक्षण होती. वाटेतील आणि शेवटच्या रेषेवरील बोनस सेकंदांची बेरीज-वजाबाकी झाल्यावर त्याची पिछाडी एक मिनिट पंधरा सेकंदांवरून एक मिनिट चौदा सेकंदांवर आली होती. सारा दिवस जिवाचे रान करून पदरात पडला तो अवघा एक सेकंद. पण त्या टप्प्याची किंमत सेकंदांत मोजण्याजोगी नव्हतीच.

दुसरा क्रमांक

यानंतर कथा विजयाच्या वाटेने गेली असती तर ती वाचायला गोड वाटली असती. तसे घडले नाही. पिरेनीज पर्वतात पोगाचारने एका दिवशी एकोणचाळीस सेकंद आणि दुसऱ्या दिवशी मिनिटाहून अधिक वेळ मिळवला. त्या दुसऱ्या दिवशी, प्लातो द बेय या चढावर, विंगेगार्डच्या संघाने पूर्ण दिवस कष्ट केले होते. त्याने स्वतः शेवटापासून दहाएक किलोमीटरवर वेग वाढवला होता. पोगाचार त्याच्या मागे शांतपणे टिकून राहिला आणि मग पुढे निघून गेला. आल्प्समध्ये अंतर आणखी वाढले.

पॅरिसमध्ये ऑलिंपिक असल्यामुळे टूरचा शेवट त्या वर्षी प्रथमच पॅरिसच्या बाहेर, नीस शहरात, २१ जुलै रोजी झाला. पोगाचार जिंकला. एकाच वर्षी इटलीची आणि फ्रान्सची अशा दोन्ही शर्यती जिंकण्याचा पराक्रम १९९८ नंतर प्रथमच त्याच्या हातून घडला. विंगेगार्ड सहा मिनिटे सतरा सेकंदांनी दुसरा आला.

म्हणजे हा शेवटी पराभवच होता का? ज्याच्याकडे पिवळी जर्सी दोन वर्षे होती त्याने ती गमावली, इतके सरळ आहे. परंतु व्यापारात मोठे नुकसान सोसून उभा राहिलेला माणूस पहिल्या वर्षी नफा मोजत नाही. देणी फिटली, दुकान उघडे राहिले, माणसे सोबत राहिली, बाजारातली पत शाबूत राहिली, हे तो मोजतो. एप्रिलमध्ये श्वास घेण्याची धडपड करणारा माणूस जुलैमध्ये साडेतीन हजार किलोमीटर चालवून जगात दुसरा येतो, त्या वर्षाचा ताळेबंद कोणत्या रकान्यात मांडायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एक वळण, वेगवेगळ्या वाटा

त्याच वळणावर पडलेल्या इतरांचे पुढे काय झाले, हे पाहिल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही.

एव्हेनपूलचे खांद्याचे हाड आणि खांद्याचा फरा मोडला होता. तो जूनमध्ये शर्यतीत परतला आणि आपल्या पहिल्याच टूरमध्ये तिसरा आला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत त्याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक वेळचाचणी आणि रस्त्यावरची शर्यत अशी दोन्ही सुवर्णपदके पटकावली. एकाच ऑलिंपिकमध्ये ही दोन्ही जिंकणारा तो पहिला पुरुष ठरला. जे व्हाइनच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली होती. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत त्याने सर्वोत्कृष्ट घाटस्वाराचा मान मिळवला.

रोग्लिचला बास्क अपघातात तुलनेने कमी लागले होते. पण टूरच्या बाराव्या टप्प्यात तो पुन्हा पडला, आणि या वेळी त्याने दुसऱ्या दिवशी सायकलवर न बसण्याचा निर्णय घेतला. तो घरी परतला, बरा झाला आणि स्पेनची तीच शर्यत त्याने चौथ्यांदा जिंकली. विंगेगार्डने निघण्याचा निर्णय घेतला, रोग्लिचने थांबण्याचा. दोन्ही निर्णय बरोबर ठरले, कारण दोन्ही घेताना शरीर काय सांगते आहे हे आधी ऐकले गेले होते.

आपल्या घाटांवर

महाराष्ट्रातही आता लांब पल्ल्याची सायकल घरोघरी पोहोचू लागली आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा हा सुमारे ४,८०० किलोमीटरचा पल्ला दोघांच्या संघाने, ठरलेल्या मुदतीत पार केला, तेव्हापासून अनेक मध्यमवयीन माणसांना आपल्या पायांचा नव्याने शोध लागला. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथे ‘ब्रेव्हे’ नावाच्या वेळेच्या मर्यादेतील सफरी नियमित होतात. दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास, तीनशेंसाठी वीस, चारशेंसाठी सत्तावीस आणि सहाशेंसाठी चाळीस तास असा त्यांचा दंडक आहे. दुकान सांभाळणारी, मुलांची शिक्षणे पार पाडलेली माणसेही पहाटे दिवे लावून या वाटांना लागलेली दिसतात.

अशा सफरीच्या आठ-दहा दिवस आधी पडण्याचा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. ओल्या रस्त्यावरची खडी, अचानक उघडलेले गाडीचे दार किंवा आडवे आलेले कुत्रे पुरेसे असते. तेव्हा मन एकच प्रश्न विचारते, जाता येईल का? परंतु त्याआधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत.

पहिला प्रश्न डोक्याचा. डोक्याला मार बसला असेल आणि त्यानंतर गरगरणे, मळमळ, उजेड सहन न होणे, विस्मरण किंवा वाढती डोकेदुखी जाणवत असेल, तर तो विषय डॉक्टरांचा आहे. ती लक्षणे पूर्ण ओसरून डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय सायकलवर बसू नये. आदळलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी ते बदलावे. आतला थर एकदा दबला की त्याचे काम संपते. व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे झाले ते २००३ मध्ये एका स्वाराच्या मृत्यूनंतर. इतक्या मोठ्या किमतीला मिळालेला तो धडा आहे.

दुसरा प्रश्न हाडांचा आणि श्वासाचा. खांद्याचे हाड जुळायला प्रौढ माणसास साधारणपणे सहा ते बारा आठवडे लागतात. छातीत दुखत असेल, श्वास अपुरा वाटत असेल तर ‘मुका मार आहे, बसेल’ असे म्हणून दिवस ढकलू नयेत. वेदनाशामक गोळी घेऊन निघणे म्हणजे उधारीवर नफा दाखवण्यासारखे आहे, कारण दुखणे कमी होते, इजा तशीच राहते.

तिसरा प्रश्न सायकलचा. चाक डगमगते का, ब्रेक घासतात का, हॅण्डल आणि सीट सरळ आहेत का, मागचा गिअर बदलताना साखळी अडते का, हे जाणत्या कारागिराकडून पाहून घ्यावे. कार्बनचा सांगाडा किंवा पुढचा चिमटा असेल तर बारीक तडासुद्धा उतारावर घातक ठरू शकते. वरून न दिसणारी तडा ही दिसणाऱ्या तडेपेक्षा अधिक धोक्याची.

आणि चौथा प्रश्न घरच्यांचा. त्यांना सगळे खरे सांगितले आहे का? पडल्याची गोष्ट घरी लपवून सफरीला निघणारे बरेच असतात. हेतू त्यांना काळजी वाटू नये असाच असतो. पण वाटेत काही झाले तर धावून येणार तीच माणसे. विंगेगार्डच्या अश्रूंत कुटुंबाचे नाव होते, ते उगीच नव्हे.

या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल निघावे. वेग थोडा कमी ठेवावा, रोजचे अंतर थोडे घटवावे, एखादा राखीव दिवस हाताशी ठेवावा. उत्तरे तशी नसतील तर तारीख पुढे ढकलावी. नोंदणीचे पैसे बुडतील, सोबती पुढे जातील, चार दिवस मन खट्टू राहील. त्या साऱ्याची भरपाई होऊ शकते.

हंगाम थांबत नाही हे खरेच आहे. पण तो दरवर्षी पुन्हा येतो, हेही तितकेच खरे. ओलाएताच्या त्या उतारावरून पडलेल्या स्वारांपैकी कोणी शहाऐंशी दिवसांत परतले, कोणाला त्याहून अधिक काळ लागला. रस्ता सर्वांसाठी तिथेच होता.